विक्री दुकानात, विल्हेवाट माळावर

कुत्र्या-मांजरांची पिल्लं दुकानातून आणि दलालांमार्फत विकायला महाराष्ट्रात बंदी घातली पाहिजे, आणि ती आपल्याच विधानसभेने घातली पाहिजे. हे सौम्य शब्दांत सांगण्याचे दिवस गेले. नियम करून झाले, नोंदणीची सक्ती करून झाली, आवाहनं तर दरवर्षी होतात. धंदा मात्र जिथे होता तिथून पुढेच सरकलाय.

हा वाद आपल्याकडे रंगतो तो पुण्या-मुंबईच्या सभागृहांत. एका बाजूला प्राणिमित्र, दुसऱ्या बाजूला दुकानदार, मधे एखादा वकील. बारामती-इंदापूरच्या माणसाला तिथे कोणी बोलावत नाही. हा शहरातल्या हौशी लोकांचा मामला, त्यात ऊस आणि मेंढरं राखणाऱ्यांचं काय काम, असं दोन्ही बाजूंनी धरलेलं असतं. मी इंदापूर तालुक्यात राहतो आणि मला हे साफ अमान्य आहे. शहरातल्या काउंटरवर जे विकलं जातं त्याची विल्हेवाट आमच्याकडे लागते. आमच्या उजनी धरणात, आमच्या माळरानावर, सोलापूर हायवेच्या कडेला. नफा एकाच्या गल्ल्यात जातो आणि भुर्दंड दुसऱ्याच्या शिवारात येतो. त्यामुळे या वादात बोलायचा पहिला हक्क आमचा आहे.

आधी कुत्रं बाजूला ठेवतो आणि माशापासून सुरुवात करतो, कारण कुत्र्याचं नाव काढलं की लोक लगेच दोन तट पाडून बसतात. माशाच्या बाबतीत डोकं जरा थंड राहतं.

सकाळी भिगवणच्या बाजारात मासळी उतरते तेव्हा तिथे उभं राहून बघा. चिलापी, रोहू, कटला, वाम, मरळ. जाळी झटकली जातात तेव्हा त्यात आणखी एक मासा निघतो, ज्याला बाजारात भाव नाही. काळपट, अंगभर ठिपके, खवल्यांच्या जागी हाडासारख्या टणक पट्ट्या, तोंड पोटाच्या बाजूला. मच्छीमार त्याला सकर म्हणतात. त्याच्या पाठीवरच्या आणि बाजूच्या परांना कडक काटा असतो. तो काटा जाळ्यात रुतला की मासा ओढून निघत नाही. ओढला तर जाळं फाटतं, म्हणून दोरा कापावा लागतो. एक सकर निघेपर्यंत जाळ्याला भोक पडलेलं असतं, आणि जाळं फुकट मिळत नाही. काठावर फेकला तरी तो लवकर मरत नाही, कारण त्याला हवेतूनही श्वास घेता येतो. धरणाच्या तळाचं शेवाळ तो खातो, दुसऱ्या माशांची अंडीही खातो, आणि काठाच्या मातीत बिळं करून स्वतःची अंडी घालतो.

हा मासा दक्षिण अमेरिकेतला. भीमेत तो पोहत आलेला नाही. काचेच्या टाकीतलं शेवाळ साफ करणारा मासा म्हणून तो मत्स्यपेटीच्या दुकानात विकला जातो. घेताना बोटाएवढा असतो, वाढून हातभर होतो. टाकी अपुरी पडते. मारायला घरच्यांचं मन होत नाही, मग मुलांना सोबत घेऊन कोणीतरी तो नदीत सोडून येतं आणि आपण एका जिवाला जीवदान दिलं या समाधानात घरी जातं. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीत येते. पुण्यातल्या दिवाणखान्यातल्या त्या दयेची किंमत कुंभारगावचा मच्छीमार कापलेल्या जाळ्याने मोजतो.

चिलापीही परकीच की, असं कोणी म्हणेल. खरं आहे. पण चिलापी खायला म्हणून आणली गेली, आणि तिच्यावर आज भिगवणची हॉटेलं आणि शेकडो चुली चालतात. सकरवर एकही चूल पेटत नाही. तो आणला गेला निव्वळ शोभेच्या टाकीची काच पुसायला.

आणि हे थांबवायची संधी आली नव्हती असंही नाही. केंद्र सरकारने मे २०१७ मध्ये मत्स्यपेटी आणि शोभेच्या माशांच्या दुकानांसाठी नियम काढले होते. त्यात दुकानांची नोंदणी होती, काही जातींच्या विक्रीवर बंदी होती. व्यापाऱ्यांनी ओरड केली आणि काही महिन्यांत ते नियम मागे घेतले गेले. त्या नियमांत त्रुटी होत्या, मान्य. त्रुटी दुरुस्त करायच्या असतात. इथे नियमच गुंडाळला. त्या चर्चेत उजनीच्या काठावरचा एकही माणूस कुणाला आठवला नाही.

आता कुत्र्यांकडे येतो.

बारामती आता पूर्वीचं तालुक्याचं गाव राहिलेलं नाही. भिगवण रस्त्याने एमआयडीसीकडे निघालात तर दोन्ही बाजूंना बंगले, अपार्टमेंट, शोरूम. शिक्षणसंस्थांमुळे बाहेरची मुलं येतात, उसाचा पैसा खेळता आहे. हौस करायला माझा आक्षेप नाही. कुत्रं पाळणं ही चांगली गोष्ट आहे आणि आमच्याकडे ती नवी नाही. धनगराच्या वाड्यावर कुत्रं असतंच, आणि ते कोणी दुकानातून आणलेलं नसतं. ओळखीतल्या कुणाची कुत्री व्याली की पिल्लू मागून आणायचं. आणणाऱ्याने आई बघितलेली असते, बाप कोण तेही साधारण ठाऊक असतं, आणि ते कुत्रं मेंढरांमागे तालुके तुडवतं.

नव्या धंद्याची रीत वेगळी आहे. व्हॉट्सॲपवर फोटो येतो. हेवी बोन, डबल कोट, पेपरवालं, बिनपेपरचं. मांजर असेल तर पंच फेस. नर एवढ्याला, मादी तेवढ्याला, जोडी घेतली तर कमी करून देतो. पिल्लू पुण्याहून निघतं, कधी मोटारीत, कधी ट्रॅव्हल्सच्या डिकीत खोक्यात घालून. महिना-सव्वा महिन्याचं असतं, कारण त्या वयात ते सगळ्यात गोंडस दिसतं आणि गोंडस दिसलं की घासाघीस होत नाही. कायदा सांगतो आठ आठवड्यांच्या आत विकायचं नाही. आठ आठवडे थांबलं तर दूध, खाणं, लस, सगळा खर्च विकणाऱ्याच्या अंगावर येतो. म्हणून तो थांबत नाही.

“दादा, लस झालीये ना याची?”

“झालीये की. कार्ड देतो ना.”

हे कार्ड नीट बघायला शिका. लसीच्या बाटलीवर एक लेबल असतं, त्यावर बॅच नंबर आणि मुदत छापलेली असते. लस टोचली की डॉक्टर ते लेबल सोलून कार्डावर चिकटवतो, तारीख घालतो, सही करतो, नोंदणी क्रमांकाचा शिक्का मारतो. दलालाच्या कार्डावर बहुतेक वेळा पेनने लिहिलेली एक तारीख असते आणि वाचता न येणारी एक रेघ. असलं कार्ड पाहिलं की पिल्लू परत करा असं मी सांगत आलोय, आणि कोणी परत करत नाही, कारण तोवर लेकरांनी त्याचं नाव ठेवलेलं असतं. धंदा नेमका त्या क्षणावर चालतो.

पुढे काय होतं ते पशुवैद्यकांना विचारा. आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण साधारण याच वयात उतरणीला लागतं आणि लसीचं अजून तयार झालेलं नसतं. त्यातच तीन-चार वेगवेगळ्या वेतांची पिल्लं एका पिंजऱ्यात ठेवलेली. एकाला पार्व्हो असला की सगळ्यांना होतो. घरी आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी पिल्लू खायचं बंद होतं, उलट्या होतात, मग रक्ताची हगवण. त्या हगवणीचा वास एकदा आला की डॉक्टरला तपासणीचं यंत्र लागत नाही. सलाईन लावतात. काही वाचतात, बरीच जातात. दलालाला फोन केला की तो म्हणतो, माझ्याकडून नेलं तेव्हा ठणठणीत होतं, तुम्ही काय खायला घातलंत? आणि मग तो दुसरं पिल्लू कमी किमतीत देऊ करतो. पार्व्होचा विषाणू त्या घराच्या फरशीवर महिनोन्‌महिने टिकतो. दुसरं पिल्लूही त्याच फरशीवर येतं.

या सगळ्यात एक गोष्ट कुणालाच दिसत नाही, ती म्हणजे पिल्लाची आई. माझ्या मते या वादाचं मर्म तिथे आहे. २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांत लिहिलंय की मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय तिचं मेटिंग करायचं नाही, आठ वर्षांनंतर करायचं नाही, बारा महिन्यांत एकापेक्षा जास्त वेत घ्यायचं नाही, आयुष्यात पाचच्या वर घ्यायची नाहीत. चांगले नियम आहेत. पण ते पाळले की नाही हे मला, घेणाऱ्याला, कसं कळणार? पिल्लू बारामतीत, दलाल पुण्यात, आणि मादी कुठल्या पत्र्याच्या शेडमध्ये कितव्यांदा गाभण आहे ते त्या दलालालाही ठाऊक नसतं. ती चालू शकते का, तिच्या अंगावर केस उरलेत का, तिने कधी मोकळं आकाश पाहिलंय का, हे विचारायची सोयच या व्यवहारात ठेवलेली नाही. पिल्लू आईपासून तोडून विकायला परवानगी आहे तोवर नियमनाची भाषा फोल आहे. नियम मादीसाठी आणि विक्री मादीच्या गैरहजेरीत, हे जमणार कसं?

इंग्लंडने नेमकं हे ओळखलं. वेल्समधल्या एका कुत्रे-कारखान्यातून २०१३ मध्ये ल्युसी नावाची एक मादी सोडवली गेली. जातीने कॅव्हलियर स्पॅनियल, सतत पिल्लं घालून आणि पिंजऱ्यात राहून पाठीचा कणा वाकलेला. २०१६ मध्ये ती गेली. तिच्या नावाने चळवळ उभी राहिली आणि ६ एप्रिल २०२० पासून इंग्लंडमध्ये सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू तिसऱ्या माणसाने धंदा म्हणून विकायला बंदी आली. ज्याने पैदास केली त्यानेच विकायचं, स्वतःच्या जागेवरून विकायचं, आणि घेणाऱ्याला पिल्लू आईजवळ दाखवायचं. नाहीतर निवाऱ्यातून दत्तक घ्या. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदा करून १ जानेवारी २०१९ पासून दुकानांना फक्त निवाऱ्यातली आणि सोडवलेली जनावरं ठेवायची मुभा दिली. फ्रान्सने १ जानेवारी २०२४ पासून दुकानातली कुत्र्या-मांजरांची विक्री बंद केली, न्यूयॉर्क राज्याने त्याच वर्षीच्या डिसेंबरात. या देशांतली दुकानं बंद पडली नाहीत. ती खाद्य विकतात, पट्टे विकतात, औषधं विकतात, केस कापून देतात. आपल्याकडेही दुकानाचा रोजचा गल्ला त्यावरच चालतो. पिल्लाच्या विक्रीवर पोट चालतं ते दलालाचं, आणि त्याच्या पोटाची काळजी मला वाटत नाही.

पार्व्होतून वाचलेल्या कुत्र्याचं पुढे काय होतं?

सायबेरियन हस्की हे बर्फात गाडी ओढायला घडलेलं कुत्रं आहे. अंगावर दुहेरी केसांचा थर. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि त्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली साखळीला बांधलेले हस्की मी पाहिलेत. जीभ गळ्यापर्यंत बाहेर, पाण्याच्या भांड्यात पाय घालून उभा, आणि पाणीही तापलेलं. मालक दुष्ट नसतो. त्याला कोणी सांगितलेलंच नसतं, आणि ज्याचं काम सांगण्याचं होतं त्याने पैसे घेऊन पिल्लू हातात दिलेलं असतं. वर्षभराने तो कंटाळतो. कुत्रं भुंकतं, केस गाळतं, डॉक्टरचा खर्च येतो, मुलगा शिकायला बाहेर गेलेला असतो. मग एका रात्री गाडी निघते.

ती गाडी कुठे थांबते ते आम्हाला माहीत आहे. हायवेवरचे ढाबे, उजनीचा काठ, कळस-कडबनवाडीकडचे माळ. पट्टा तसाच गळ्यात असतो. अशी बहुतेक कुत्री थोड्याच दिवसांत मरतात, कारण त्यांना शिकार येत नाही आणि गावातली कुत्री त्यांना टिकू देत नाहीत. माळावरची सगळी मोकाट कुत्री दुकानातून आलीत असं मी म्हणत नाही. ते खोटं ठरेल. बहुसंख्य गावठीच आहेत, उकिरड्यावर आणि कोंबड्यांच्या शेडमागच्या घाणीवर वाढलेली, आणि त्यांची जबाबदारी ग्रामपंचायतींची आणि नगरपरिषदांची आहे. पण रोग कुठून येतो हा प्रश्न वेगळा आहे. जिथे ठिकठिकाणची बिनलशीची पिल्लं एकत्र कोंबली जातात तिथे पार्व्हो आणि डिस्टेंपरसारखे विषाणूजन्य रोग पोसले जातात. तिथून निघालेलं प्रत्येक पिल्लू, जगो वा मरो, तो रोग नव्या गावात पोचवतं. सोडून दिलेलं कुत्रं तो माळावर नेतं.

आणि माळावर काय आहे? ज्यांना आमचा भाग म्हणजे साखर कारखाने आणि राजकारण एवढंच ठाऊक आहे त्यांच्यासाठी सांगतो. सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे, १९९७ साली जाहीर झालेलं, अवघं ५.१४ चौरस किलोमीटर, चिंकाऱ्यासाठी राखलेलं. कडबनवाडीच्या आणि शिर्सुफळच्या गवताळ रानात लांडगा आहे, खोकड आहे, तरस आहे. वनखात्याने तिथे आता गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. भारतात लांडगे तीन हजारांच्या आसपास उरले असावेत असा २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे, म्हणजे वाघाइतकेच किंवा त्याहून कमी. वाघाला प्रकल्प आहे, निधी आहे, गाड्या आहेत. लांडग्याच्या वाट्याला आमचं पडीक रान आहे, आणि सरकारी कागदावर तेही पुष्कळदा पडीक जमीन म्हणूनच नोंदलेलं.

डिस्टेंपर काय करू शकतो हे गीरने २०१८ मध्ये दाखवून दिलं. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह गेले आणि त्यात हा विषाणू सापडला. परदेशातून लस मागवावी लागली. सिंहांसाठी लस मागवली गेली. आमच्या लांडग्यासाठी कोण मागवणार आहे? पुणे परिसरातल्या माळरानावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं २०२३ मध्ये जनुकीय तपासणीतून सिद्ध झालंय. म्हणजे कुत्री लांडग्याच्या नुसती आसपास नाहीत, त्याच्या कळपात शिरली आहेत. जे जनावर लांडग्याशी जुगतं ते त्याला रोग देणार नाही असं कुणी म्हणत असेल तर त्याने ते समोर येऊन म्हणावं.

कायदा आहे की, असं सांगणारे सरकारी उत्तर देतात. आहे. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे, त्याखाली २०१७ चे प्रजननाचे नियम आहेत, २०१८ चे पाळीव प्राणी दुकानांचे नियम आहेत. दुकानदाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, प्रत्येक जनावराची नोंद ठेवायची, कोणाला विकलं ते लिहायचं. आता शिक्षा बघा. क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड किमान १० रुपये, कमाल ५० रुपये. तीन वर्षांच्या आत पुन्हा केलात तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. या कायद्याखालचे नियम मोडले तरी दंडाची कमाल मर्यादा १०० रुपयेच. १९६० साली ५० रुपयांना काही अर्थ होता. आज तेवढ्यात भिगवणला मासळीचं ताटही येत नाही. एका पिल्लाचे हजारो रुपये घेणारा माणूस या दंडाला घाबरेल असं ज्याला वाटतं त्याने व्यवहार कधी केलेला नाही. दंड वाढवायचा मसुदा केंद्राने नोव्हेंबर २०२२ मध्ये लोकांपुढे ठेवला, हरकती मागवल्या, आणि पुढे तो कायदा झालाच नाही.

कायदा केंद्राचा, राज्याचे हात बांधलेले, हे पुढचं उत्तर. हे उत्तर बारामती-इंदापूरच्या माणसाला देऊ नका. बैलगाडा शर्यती आम्हाला माहीत आहेत. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये शर्यतींवर बंदी आणली तेव्हा याच महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्ये याच १९६० च्या केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली, राष्ट्रपतींची संमती आणली. उच्च न्यायालयाने शर्यती रोखल्या तर सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळवली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने ती दुरुस्ती उचलून धरली. प्राण्यांवरील क्रूरतेचा विषय समवर्ती सूचीत आहे, राज्याला त्यावर कायदा करता येतो, हे सिद्ध करायला आपण सहा वर्षं कोर्टात घालवली आणि ते सिद्ध केलं. त्याच दुरुस्तीत शर्यतीत बैलाला यातना दिल्यास ५ लाखांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणजे शिक्षा कशी लिहायची तेही या विधिमंडळाला येतं. बैलासाठी ५ लाख आणि पत्र्याच्या शेडमधल्या मादीसाठी ५० रुपये, हा फरक हात बांधल्यामुळे पडलेला नाही. इच्छा नाही म्हणून पडलाय. शर्यतीमागे मतं होती. माळाच्या मागे नाहीत.

बंदी घातली की धंदा चोरून होईल, हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण त्यात तथ्य आहे. १९९१ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात भारतीय पक्ष्यांचा व्यापार बंद झाला, तरी आजही राघू पिंजऱ्यात घातलेली घरं आपल्या गावात आहेत, आणि मागणाऱ्याला तो मिळतो. पण पूर्वी आठवडी बाजारात उघड्यावर टोपल्याच्या टोपल्या विकल्या जात, तसं आता होत नाही. विकणाऱ्याला लपावं लागतं, घेणाऱ्याला आपण गुन्हा करतोय हे कळतं, आणि वनखात्याच्या माणसाला पिंजरा दिसला तर उचलता येतो. बंदीने चोरी शून्यावर येत नाही. चोरी कशाला म्हणायचं ते ठरतं. आणि पिल्लांचा धंदा आज उघड्यावर चालतोय असं कुणी सांगितलं? दलालाला दुकान नाही, पाटी नाही, पावती नाही, नुसता फोन नंबर. तो आधीच चोरून चाललाय, फक्त चोर ठरवायला कायदा नाही.

दुसरा आक्षेप प्रामाणिक ब्रीडरांचा. आम्ही मादी जपतो, लस देतो, घर बघून पिल्लू देतो, आम्हाला का शिक्षा? तुम्हाला शिक्षा नाहीच. तुमच्या दारातून, आई दाखवून, मायक्रोचिप बसवून विका. पश्मी आणि कारवानी कुत्री पाळणारी, पिढ्यान्‌पिढ्या त्यांची जात सांभाळणारी माणसं आपल्याकडे आहेत. त्यांनाही कोणी हात लावू नये. बंदी मधल्या माणसाला हवी. तो गेला तर तुमच्या पिल्लाला योग्य किंमत येईल.

जातींवर बंदी घाला, हा तिसरा मार्ग केंद्राने मार्च २०२४ मध्ये चालवून पाहिला. २३ जाती हिंस्र ठरवून त्यांची विक्री आणि पैदास बंद करा असं राज्यांना पत्र पाठवलं. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये ते रद्द केलं, आणि योग्यच केलं. कुत्र्याची जात गुन्हेगार नसते. गुन्हा विकण्याच्या पद्धतीत आहे, आणि सरकारने तिला हात लावला नाही.

आणि माणसं मरतायत तिथे कुत्र्यांचं काय घेऊन बसलात, हेही ऐकतो. माणसं मरतायत म्हणूनच घेऊन बसलोय. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के एकट्या भारतात होतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. चावा शहरात घेतला तर दवाखाना जवळ असतो. ऊसतोडणी कामगाराच्या पोराला फडात घेतला तर लसीसाठी पहिल्यांदा तालुक्याचं गाव गाठावं लागतं, आणि पुढच्या डोसांच्या वेळी ती टोळी दुसऱ्याच गावात असते. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये भटक्या कुत्र्यांवर आदेश दिले, ते बदलले, नोव्हेंबरात शाळा, दवाखाने, बसस्थानकांतून कुत्री हलवायला सांगितलं. निर्बीजीकरण करा, निवारे बांधा. बांधायचे कोणी? नगरपरिषदेने, आमच्या घरपट्टीतून. नवं कुत्रं बाजारात आणणाऱ्याला मात्र एक रुपयाही भरावा लागत नाही. नळ चालू ठेवून फरशी पुसायचं हे काम आम्ही किती वर्षं करायचं?

धनगराचा हिशेब तर आणखी वाईट आहे. लांडग्याने मेंढरू मारलं तर वनरक्षक येतो, पंचनामा होतो, उशिरा का होईना भरपाई मिळते. कुत्र्यांच्या टोळीने मारलं तर काही नाही. कुत्रं हा वन्यप्राणी नाही, म्हणून वनखात्याचा संबंध नाही. मालक नाही, म्हणून पोलिसात तक्रार नाही. रात्रीतून वाघरीत शिरून कुत्री नुसती चावे घेऊन मेंढरं टाकतात. लांडग्यासारखं एखादं उचलून नेत नाहीत. सकाळी धनगर समोरची रांग बघतो आणि भरपाई मिळावी म्हणून लांडग्याचं नाव घेतो. त्याला मी दोष देत नाही. पण त्या खोट्या नावामुळे लांडगा कागदोपत्री नरभक्षकासारखा बदनाम होतो, आणि पुढच्या वेळी मेंढराच्या मढ्यावर विष टाकायला माणसं कचरत नाहीत.

माझी मागणी दोन पानांच्या विधेयकात मावेल. सहा महिन्यांच्या आतलं कुत्र्या-मांजराचं पिल्लू, ज्याने पैदास केली त्याच्याशिवाय कोणी विकू नये, दुकानात नाही, फोनवर नाही. विक्री पैदाशीच्या जागेवरून, आईसमोर, चिप आणि डॉक्टरच्या सहीच्या लसकार्डासह. दुकानांना निवाऱ्यातली जनावरं दत्तक द्यायला मोकळीक. सकरसारख्या, पाण्यात सुटल्या तर पसरणाऱ्या माशा-कासवांची यादी करून त्यांची विक्री बंद. परदेशी मांगूर माशावर २००० सालापासून बंदी आहे आणि मत्स्यव्यवसाय विभागाने उजनीकाठी तळी बुजवण्याच्या कारवाया केल्या आहेत, तेव्हा यंत्रणा नाही असं कोणी सांगू नये. दंड बैलगाड्याच्या दुरुस्तीत लिहिलाय तेवढाच, आणि त्यातला अर्धा ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत जनावर टाकलेलं सापडेल तिच्याकडे. चिप असली की टाकणारा सापडतो. आणि कुत्र्यांनी मारलेल्या मेंढरालाही पंचनामा आणि भरपाई.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आमच्या गावात मी हा ठराव मांडतो आहे. कडबनवाडी, शिर्सुफळ, कुंभारगाव, भिगवण, सुपे इथल्या ग्रामसभांनीही तो घ्यावा आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाआधी दोन्ही तालुक्यांच्या आमदारांच्या हातात द्यावा. बैलगाड्यासाठी घाटात जमणाऱ्यांपैकी निम्मे जरी त्या सभेला आले तरी ठराव एकमताने होईल.